नाव तर घरात आहेच

मित्रांनो, माझ्या गळ्यात एक पुठ्ठा अडकवलेला आहे. त्यावर लिहिले आहे : 'आमचे मूळ पुरुष मात्युरँ मोर्नो यांनी फ्रान्सहून आल्यावर स्वहस्ते घडवलेला पाळणा. कृपया हात लावू नये.' यातले 'पाळणा' आणि 'हात लावू नये' एवढेच खरे आहे.

मी जुना आहे, पण पुठ्ठ्यावर लिहिला आहे तेवढा जुना नाही. मूळ पुरुष फ्रान्सच्या राजाच्या पलटणीतून समुद्र ओलांडून ही नदी चढून आला, तेव्हा त्याला बंदूक साफ करता येत होती आणि बढाया मारता येत होत्या. त्याने आयुष्यात कधी खिळा ठोकल्याचे कोणी ऐकलेले नाही. मला घडवले त्याच्या खापरपणतूने, इन्यासने, एका लांबलेल्या हिवाळ्यात. बायको अवघडलेली होती आणि बाहेर बर्फामुळे दुसरे काही करता येत नव्हते. पाइनचे लाकूड, कोपऱ्यांवर चार गोल बोंडे, दोन्ही बाजूंना खुंट्या, आणि खाली दोन कमानदार लाकडे. मी टांगलेला नाही, जमिनीवर बसून डुलतो. खुंट्यांतून सुती पट्टी ओवून मूल बांधून ठेवायचे आणि आईने पायाने मला झोका देत हाताने दुसरे काम करायचे, अशी योजना. इन्यासने ती चांगली पार पाडली. पण लोकांना पूर्वज हवा असतो, सुतार नको असतो. त्यामुळे इन्यासचे नाव पुठ्ठ्यावर आले नाही.

नावांचे या घराण्यात पहिल्यापासूनच असे आहे. पलटणीत प्रत्येक शिपायाला टोपणनाव मिळत असे. मात्युरँला मिळाले 'सांरग्रे', म्हणजे ज्याला कशाचीच खंत वाटत नाही तो. पुढे वंशातल्या निम्म्यांनी मोर्नो हे आडनाव ठेवले आणि निम्म्यांनी सांरग्रे. एक भाऊ नदीकाठी मोर्नो, तर त्याचा सख्खा भाऊ टेकडीमागे सांरग्रे. अमेरिकेत गिरणीकामाला गेलेल्या एका शाखेने आडनाव जिभेला जड जाते म्हणून पुढचा 'सां', म्हणजे 'विना', छाटला. त्यांच्याकडे आता नुसतीच खंत उरली आहे. ते दर नाताळला कार्ड पाठवतात.

पहिल्या नावांची रीत आणखी सोपी. बाप्तिस्म्याला सगळे मुलगे जोसेफ आणि सगळ्या मुली मारी. ते देवासाठी. हाक मारायचे नाव त्यापुढे जोडायचे, आणि ते ठरवायचे चर्चमध्ये मुलाला हातावर घेणाऱ्या धर्मआई-धर्मबापाने. आईने नाही. आई चर्चला जायचीच नाही. मूल जन्मले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याला गुंडाळून बर्फगाडीतून घेऊन जात आणि आई अंथरुणात पडून वाट बघत राही. गाडीच्या घुंगरांचा आवाज परत आला की तिला कळे, आपण कोणाला जन्म दिला ते.

मी पाच पिढ्या झुलवल्या. पण मला सांगायचे आहे ते देलियाबद्दल.

देलिया म्हणजे लुजे मोर्नोची बायको. टेकडीपलीकडच्या गावातून आली होती. बोलायची कमी, आणि सासूसमोर त्याहून कमी. सासूचे नाव देनेज. या देनेजबाईंनी घरातली प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत वापरली जाईल याची व्यवस्था लावून ठेवली होती. पिठाच्या पोत्यांचे टॉवेल, टॉवेलांची फडकी, फडक्यांच्या वाती.

देलियाला पहिली मुलगी झाली ती भर हिवाळ्यात. मुलगी किडमिडी होती, पण लाथा मोठ्या मारायची. बाहेर गाडी जुंपेपर्यंत ती माझ्यात होती. सगळे दारात बूट चढवत असताना देलिया खाटेवरून वाकली आणि माझ्या कडेवर हनुवटी टेकवून तिला म्हणाली, "पिसू." एवढेच. मग मुलीला उचलून नेले. संध्याकाळच्या आत घुंगरू वाजले, सगळे आत आले, धर्मबापाने बाटली उघडली आणि धर्मआई झालेल्या सासूबाईंनी सांगितले, "मारी-देनेज. माझ्यावरून." देलिया म्हणाली, छान आहे.

नदीवरचा बर्फ फुटायच्या आत पिसू गेली. लुजेने पेटी केली. कबरस्तानात मोर्नोंचा जो दगड आहे त्यावर त्याने 'देनेज' असे कोरून घेतले. त्या काळी इतक्या लहान मुलाचे नाव कोणी कोरत नसे. लुजेही फारसा बोलणारा नव्हता. त्याने ते असे सांगितले.

मध्ये एक मुलगा झाला, तो जगला. मग दुसरी मुलगी. ती झाली तेव्हा घरात नदीतली वाम खारवण्याचे काम चालले होते, आणि देलियाची बोटे मिठाने फुटलेली होती. तेच बोट मुलीने तोंडात धरले आणि सोडेना. देलिया तिला हळूच 'मीठ' म्हणाली. गाडी निघाली. या वेळी धर्मआई होती लुजेची वहिनी, आणि तिच्या मनात म्हणे 'सिल्वी' होते. पण देनेजबाई गाडीत शेजारीच बसल्या होत्या.

"नाव तर घरात आहेच," त्या म्हणाल्या. "नवीन कशाला?"

यात दुष्टपणा नव्हता, मित्रांनो. सगळे गाव तसेच करायचे. मेलेल्या मुलाचे नाव मोकळे झाले की पुढच्याला द्यायचे. झबले, पाळणा आणि नाव, तिन्ही गोष्टी धाकट्याकडे येत. झबले निदान धुवून द्यायचे.

मीठही गेली. तिसरी जन्माला आली फार उशिरा, सुईण कंटाळून दोनदा जेवली. देलियाने तिला 'उशिरा' म्हटले आणि त्या वेळी ती हसली होती, हे मी सांगू शकतो, कारण ते सहसा घडत नसे. घुंगरांबरोबर देनेज हेच नाव परत आले. ही उशिरा सगळ्यांत जास्त टिकली. ती माझ्यात बसायला लागली होती. माझ्या उजव्या कडेवर लाकडी चमचा आपटून आपटून तिने एक खोलगट जागा केली. पुठ्ठा लिहिणाऱ्यांच्या मते तो मूळ पुरुषाच्या रंध्याचा खुणेचा घाव आहे. घटसर्पाची साथ आली तेव्हा ती चमचा धरूनच गेली.

चौथ्या वेळी मुलगी झाली तेव्हा देलिया बोलली. सासूबाई टोपी बांधत होत्या.

"आई, दुसरं नाव ठेवा. एवढं एक ऐका."

"का? काय खोट आहे माझ्या नावात? मी जगतेय ना तेच घेऊन?"

"तुम्ही जगताय."

लुजे पायाने मला झोका देत होता, त्याने तो थांबवला. देनेजबाई रागावल्या नाहीत. त्यांनी टोपीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, "आता बदललं तर त्या तिघींना वाटेल, आपलं नाव चुकीचं होतं म्हणून गेलो." मग त्या मुलीला घेऊन गेल्या, आणि देनेजला घेऊन परत आल्या.

चौथीला देलियाने जाण्याआधी काहीही म्हटले नाही. तिने नुसता तिच्या पोटावर हात ठेवला आणि भिंतीकडे पाहत राहिली. आणि चौथी जगली. याचा अर्थ काय लावायचा हे मला कळलेले नाही. मी लाकूड आहे.

माझी कामाची वर्षे तिथेच संपली. पुढची मुले शहराच्या इस्पितळात जन्मली आणि चाकांच्या खाटांतून घरी आली. मला माळ्यावर नेले. माझ्यात आधी लोकर ठेवली, मग कांदे, मग जुनी मासिके. एकदा मांजर व्यायली. तिला नावे ठेवता येत नव्हती, पण तिने प्रत्येक पिल्लाला वेगवेगळे चाटले, हे मी पाहिले.

खाली चौथी देनेज मोठी होत होती. दर रविवारी प्रार्थनेनंतर सगळे कबरस्तानातून घरी येत आणि ती दगडावर आपले नाव बघे. वाचायला ती त्याच दगडावर शिकली असे ती पुढे सांगायची. पुढे ती गावातल्या शाळेत मास्तरीण झाली, लग्न केले नाही, आणि आई-वडिलांना सांभाळत त्याच घरात राहिली. शाळेतल्या मुलांना ती पहिल्याच दिवशी विचारायची, "घरी तुला काय म्हणतात?" आणि वर्षभर त्याच नावाने हाक मारायची. गावात तिची यावरून टिंगल होत असे.

देलिया मरणपंथाला लागली तेव्हा तिची खाट स्वयंपाकघरात शेकोटीजवळ आणली होती, आणि काढलेल्या चादरी ठेवायला मला खाली आणले होते. म्हणून मी हे ऐकले. ती मुलीला म्हणाली, तुझ्या आधी तिघी होत्या, दगडावर एकीचंच नाव आहे. देनेज म्हणाली, माहीत आहे आई. देलिया म्हणाली, त्यांना मी वेगळं काहीतरी म्हणायचे.

"काय म्हणायचीस?"

देलियाने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "पाळण्याला माहीत आहे," आणि तिने तोंड फिरवले. मला वाटते तिला रडू आवरायचे होते, नंतर सांगणार होती. नंतर राहून गेले.

तेव्हापासून देनेज अधूनमधून माळ्यावर यायची. मासिके बाजूला काढून माझ्या तळावर हात फिरवायची, काही कोरलेले असेल म्हणून. काही कोरलेले नव्हते. मग काही दिवस ती नुसती बसायची. एकदा म्हणाली, "बोल की रे, बाबा." मित्रांनो, मला त्या वेळी जे वाटले ते सांगायची सोय असती, तर त्याच सोयीने मी तिला तीन नावे सांगितली असती.

ती ऐंशीच्या घरात असताना घराण्याचे मंडळ निघाले. अध्यक्ष रेजां सांरग्रे. नात्याने तिच्या चुलत भावाचा मुलगा, निवृत्त विमा एजंट, आणि मृत माणसांवर त्याचे मनापासून प्रेम, कारण ती हप्ता चुकवत नाहीत. चिटणीस मिरेय मोर्नो, मऊ स्वभावाची बाई, तिच्याकडे संगणक. दोघांनी मिळून मूळ पुरुषापासून आजपर्यंतचा वंशवृक्ष काढायचा आणि जुन्या पाद्रीघरात काशाच्या पाटीवर तो कायमचा बसवायचा, असे ठरले.

रेजां मला मागायला आला तेव्हा देनेज म्हणाली, पाळणा घेऊन जा, पण एका अटीवर.

"आम्हा चौघींना चार ओळी दे."

"आत्या, नाव एकच आहे ना पण?"

"मग एकच नाव चारदा लिही."

"अगं, एकाखाली एक चार देनेज छापल्या तर लोक म्हणतील, मंडळाने पिऊन छापलंय."

"म्हणू देत. तुझा आजोबा प्यायचाच. त्याला ओळ मिळतेय ना?"

रेजां हसला आणि म्हणाला, दिलं वचन. त्याने ते मनापासून दिले होते. विमा एजंट होता तो, वचन देताना खोटे बोलायची त्याला गरजच पडत नसे.

पण त्यानंतर पाटीच्या माथ्यावर मोर्नो आधी की सांरग्रे आधी यावरून भांडण पेटले. मोर्नो म्हणत, आमचे खरे आडनाव. सांरग्रे म्हणत, खरे आडनाव तर सगळ्यांकडेच होते, पण आम्ही आमचे शौर्याने मिळवले. दोन हिवाळे हे चालले. एका सभेत एका मोर्नोने एका सांरग्रेला तोंडावर सांगितले की, तुमच्या आडनावाची लाज वाटायला हवी, पण ती तुम्हाला वाटणार नाही हे त्या आडनावातच आले आहे. सगळ्यांत शेवटी दोन्ही नावे गोलाकार कोरायची असे ठरले, म्हणजे कुठून वाचायला सुरुवात करायची ते ज्याचे त्याने बघावे. सगळे इतके दमले होते की गोलाच्या आत काय कोरले आहे ते कोणी तपासले नाही.

आत मिरेयने भरलेली माहिती होती. तिने चर्चच्या नोंदींतून चारही देनेज नीट उतरवून घेतल्या होत्या, पण संगणकाने तिला विचारले, ही एकच व्यक्ती आहे का? तेच आई-वडील, तेच गाव, तेच नाव. मिरेयला वाटले, पाद्रीबुवांनी एकच नोंद पुन्हा पुन्हा केली असणार. रेजां आपले वचन तिला सांगायला विसरला होता, सभांमुळे. तिने 'हो' म्हटले. तिचा स्वभावच हो म्हणण्याचा. संगणकाने चौघींची एक केली, आणि तिला पहिलीचे मरण दिले.

पाटीच्या अनावरणाला दोन्ही बाजूंचे मिळून सगळे गोतावळे आले. एकसारखे सदरे, अकॉर्डियन, वाटाण्याचे सूप, आणि मागच्या बाजूला मी, ताजे वार्निश लावलेला. पडदा ओढला, टाळ्या झाल्या. गर्दी सूपाकडे वळल्यावर देनेज काठी टेकत पाटीजवळ गेली. तिने बोटाने लुजे शोधला. खाली देलिया. मग मुलगा. मग बोट थांबले. तिथे लिहिले होते : देनेज, १९३१–१९३१.

तिने ते पुन्हा वाचले. मास्तरणीची सवय. मग रेजांला बोलावले.

"रेजां, हे बघ, मी मेलेय."

रेजां वाकला. त्याचा चेहरा सूपाच्या वाफेने ओला होता, की कशाने, ते मला दिसले नाही. "आत्या... अगं, तसं नाही... काहीतरी गडबड झालीय."

"गडबड कसली, काशात लिहिलंय. बरं झालं कळलं. मी उगाच सूपासाठी थांबले होते."

मिरेय धावत आली. काय झाले ते कळल्यावर ती खरोखर रडली, आणि म्हणाली, मावशी, मी दुरुस्त करीन, मी आजच दुरुस्त करीन. रेजांने तिला बाजूला घेऊन समजावले की संगणकात दुरुस्त होते, ओतलेल्या काशात होत नाही. पुढच्या सभेत विषय घेऊ. खाली एक छोटी पट्टी लावता येईल.

"पट्टीवर काय लिहिशील?" देनेजने विचारले.

"लिहू की. वरील नोंदीतील व्यक्ती हयात आहे, असं काहीतरी."

"आणि त्या तिघी?"

रेजां बोटांनी पट्टीची लांबी मोजू लागला. देनेज माझ्याकडे आली. पुठ्ठ्यावर हात लावू नये असे लिहिलेले होते आणि ती आयुष्यभर नियम पाळणारी बाई होती, पण तिने माझ्या उजव्या कडेच्या खोलगट जागेत अंगठा ठेवला. बरोबर तिथेच. का, ते मला माहीत नाही; अंगठा बसण्यासारखी तीच एक जागा होती. "सांगितलं नाहीसच ना शेवटी," ती म्हणाली. आणि सूप न घेता घरी गेली.

पट्टीचा विषय पुढच्या सभेत आला, पण पट्टीवर मंडळाचे नाव कोणत्या क्रमाने घालायचे यावर एकमत होईना. हिवाळ्यात देनेज वारली. रेजां अंत्यविधीहून पाद्रीघरात आला तो बूट झटकत मिरेयला म्हणाला, "चला, आता पट्टीची गरज उरली नाही. फक्त सालाचाच काय तो फरक." तो हे हसून म्हणाला नाही, सुटल्यासारखा म्हणाला. ते जास्त वाईट होते.

नंतर दगड कोरणाऱ्या माणसाचा फोन आला. मी त्याच खोलीत होतो, म्हणून ऐकले. तो विचारत होता, मोर्नोंच्या दगडावर काय कोरायचे. दगड जुना, भरलेला, जागा जवळजवळ नाही.

"थांबा," रेजां म्हणाला. त्याने डोळे मिटून दगड आठवला. मग म्हणाला, "कोरायचं काही नाही हो. नाव तर आहेच."

फोन ठेवल्यावर मिरेय त्याच्याकडे बघत होती. ती काहीतरी बोलणार असे मला वाटले. मग तिने हो म्हटले.

मिरेयला तेव्हापासून झोप लागत नसावी. तिने माझ्यासाठी एक बाहुली आणली आहे, प्लास्टिकची, मिटणाऱ्या डोळ्यांची, आणि खुंट्यांतून पट्टी ओवून तिला नीट बांधले आहे. शाळेची मुले येतात, विचारतात, हिचं नाव काय? मिरेय सांगते, देनेज. म्हणजे पाचवी. हिला घटसर्प होणार नाही, एवढी एक जमेची बाजू आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचे असते. जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. मला तसले काही नको. मी फार जपलेला आहे, कोणी हातही लावत नाही. तुम्ही पुढेमागे आपल्या वाडवडिलांचा शोध घ्यायला बसाल, आणि एका घरात एकच नाव पुन्हा पुन्हा आलेले दिसेल, तेव्हा हो म्हणायची घाई करू नका. आधी विचारा, ही कोण होती. सांगणारे कोणी उरले नसेल, बहुधा नसेलच, तरी विचारा.

पहिली पिसू होती. दुसरी मीठ. तिसरी उशिरा.

चौथीला मी फक्त वजनावरून ओळखत होतो.